देवीचा शेवटचा बळी आणि विद्यापीठातील पहारा

देवी या रोगाचा धडा शिकवताना आपण साधारणपणे त्याची दोन टोके सांगतो. एका टोकाला १७९६ साली एडवर्ड जेन्नरने गवळणीच्या हातावरील फोडातला स्राव घेऊन केलेली पहिली लसटोचणी. दुसऱ्या टोकाला ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियातील मेर्का गावी आढळलेला अली माओ मालिन हा नैसर्गिकरीत्या देवीची लागण झालेला जगातला शेवटचा रुग्ण. मालिन बरा झाला आणि ८ मे १९८० रोजी देवीचे जगातून उच्चाटन झाल्याची घोषणा झाली. धडा इथे संपतो. ज्यांच्या दंडावर देवी टोचल्याचा व्रण आहे असे शिक्षक तो मुलांना दाखवतात आणि विज्ञानाच्या एका मोठ्या विजयाची गोष्ट पूर्ण होते.

ही गोष्ट खरी आहे, पण पूर्ण नाही. मालिन बरा झाल्यानंतर आणि ती घोषणा होण्यापूर्वी, ११ सप्टेंबर १९७८ रोजी, इंग्लंडमध्ये जॅनेट पार्कर या चाळीस वर्षांच्या बाईंचा देवीने मृत्यू झाला. ही लागण कुठल्या गरीब वस्तीत झाली नव्हती, की प्रवासात झाली नव्हती. ती बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात झाली. पार्करबाई संशोधक नव्हत्या. त्या शरीररचनाशास्त्र विभागात छायाचित्रकार होत्या आणि त्यांचा देवीच्या विषाणूशी कामाचा काहीही संबंध नव्हता. फक्त त्यांच्या कामाच्या जागेच्या खालच्या मजल्यावर देवीच्या विषाणूवर संशोधन चालत होते.

घातक जंतूंवर विद्यापीठांत संशोधन व्हावे की नाही, हा आमचा येथील प्रश्न नाही. ते व्हायलाच हवे. त्याशिवाय लसी आणि औषधे मिळणार नाहीत. प्रश्न आहे तो त्या कामावर पहारा कोणी ठेवायचा आणि कोणाच्या बाजूने ठेवायचा, हा. बर्मिंगहॅममध्ये नियम नव्हते असे नाही. पहारेकरीही होते. तरीही हे घडले, म्हणूनच ही घटना नीट तपासून पाहण्यासारखी आहे.

घडले ते असे

११ ऑगस्ट १९७८ रोजी पार्करबाईंना ताप आला, अंग दुखू लागले, मग पुरळ उठले. प्रथम ते औषधाच्या प्रतिक्रियेने आलेले किंवा कांजिण्यांचे पुरळ असावे, असे समजले गेले. त्यांच्या आईला हे पटत नव्हते, कारण मुलीच्या कांजिण्या लहानपणीच येऊन गेल्या होत्या आणि तेव्हा आईनेच तिची शुश्रूषा केली होती. अखेर २४ ऑगस्टला त्यांना रुग्णालयात दाखल केले आणि तेथे देवीचे निदान झाले. म्हणजे आजार सुरू झाल्यापासून जवळजवळ दोन आठवडे गेले. एव्हाना देवीचे जगात कुठेही नैसर्गिक अस्तित्व उरले नव्हते. डॉक्टरांच्या मनात तो रोग येणे अवघडच होते.

त्यानंतर धावपळ झाली. सुमारे २६० जणांना वेगळे ठेवण्यात आले, संपर्कात आलेल्यांना लस टोचण्यात आली. पार्करबाईंच्या आईला सौम्य देवी आल्या, पण त्या वाचल्या. वडील वेगळे ठेवलेले असतानाच ५ सप्टेंबरला हृदयविकाराने गेले. देवीच्या प्रयोगशाळेचे प्रमुख प्रा. हेन्री बेडसन यांनी या प्रसंगाच्या भाराखाली स्वतःचे जीवन संपवले. ७ सप्टेंबरला त्यांचा मृत्यू झाला. चार दिवसांनी पार्करबाईही गेल्या. लसीकरण आणि विलगीकरण यांमुळे साथ पसरली नाही. देवीच्या निर्मूलनासाठी शोधलेले उपायच येथे कामी आले, ही एवढी एकच गोष्ट समाधानाची.

पहारेकरी काय करत होते?

या घटनेची चौकशी प्रा. शूटर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. तिच्या अहवालात नोंदलेल्या गोष्टी वाचताना मन अस्वस्थ होते. प्रयोगशाळेत कपडे बदलण्याची आणि काम संपल्यावर स्नान करण्याची सोय नव्हती. काही कर्मचाऱ्यांना खास प्रशिक्षण मिळालेले नव्हते. काही काम सुरक्षा-कपाटाबाहेर केले जात होते.

हे सुरक्षा-कपाट म्हणजे काय, ते येथे सांगायला हवे. त्याच्या तोंडातून हवा सतत आत ओढली जाते आणि अतिशय बारीक गाळणीतून गाळून मगच बाहेर सोडली जाते. त्यामुळे नळी हलवताना किंवा झाकण उघडताना उडणारे अदृश्य तुषार काम करणाऱ्याच्या नाकापर्यंत पोहोचत नाहीत. अधिक धोक्याच्या कामासाठी सबंध खोलीतल्या हवेचा दाबच बाहेरच्या मार्गिकेपेक्षा किंचित कमी ठेवतात, म्हणजे दार उघडले तरी हवा बाहेर जाण्याऐवजी आत येते. कपाट ही पहिली भिंत, खोली ही दुसरी भिंत, आणि काम करणाऱ्यांच्या सवयी ही तिसरी. काम कपाटाबाहेर केले की पहिली भिंतच नाहीशी होते.

आता पहाऱ्याकडे पाहू. १९७३ साली लंडनमधील एका संशोधन संस्थेतील सहायिका देवीने आजारी पडली. रुग्णालयात तिच्या शेजारच्या खाटेवरील रुग्णाला भेटायला आलेल्या दोघांना तिच्यापासून लागण झाली आणि ते दोघेही दगावले. त्या घटनेनंतर ब्रिटनमध्ये घातक जंतूंच्या कामावर देखरेख ठेवणारा एक सल्लागार गट नेमला गेला. या गटाने बर्मिंगहॅमच्या प्रयोगशाळेची दोनदा पाहणी केली आणि दोन्ही वेळा काम चालू ठेवण्याची शिफारस केली. मे १९७८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचेही निरीक्षक येऊन गेले. ही जागा आमच्या कसोटीस उतरत नाही, असे त्यांनी सांगितले. पण सुचवले मात्र कामाच्या पद्धतीतले काही थोडेच बदल. संघटनेला जगात देवीचे विषाणू बाळगणाऱ्या प्रयोगशाळा शक्य तितक्या कमी करायच्या होत्या. बर्मिंगहॅमची प्रयोगशाळा १९७८ च्या अखेरीस बंद होणार होती. काम थोड्या महिन्यांचेच आहे, तेव्हा आता कशाला मोठे फेरबदल, असा विचार सर्वांच्याच मनात असावा असे दिसते.

प्रत्यक्षात त्या थोड्या महिन्यांतच धोका सर्वांत जास्त होता. दार बंद होण्याआधी काम उरकण्यासाठी ते वाढवण्यात आले होते. विषाणूचे काम १९७३ पासून कमी होत आले आहे, असे संघटनेला सांगितले गेले होते. अहवालानुसार ते बरेच वाढले होते.

आणखी एक गोष्ट. १९६६ साली याच महाविद्यालयातल्या एका छायाचित्रकाराला देवीच्या सौम्य प्रकाराची लागण झाली होती आणि ती पुढे इतरांपर्यंत गेली होती. त्या वेळी लागण कुठून आली याची रीतसर चौकशी झाल्याची नोंद नाही. म्हणजे बारा वर्षे आधी इशारा मिळाला होता, तोही त्याच इमारतीत आणि त्याच पेशाच्या माणसाच्या रूपाने.

आमचा आक्षेप

अहवालाने या गोष्टी स्पष्टपणे नोंदवल्या, याचे श्रेय त्याला द्यायला हवे. आमचा आक्षेप पुढच्या चर्चेला मिळालेल्या वळणावर आहे. विषाणू वरच्या मजल्यावर कसा गेला असेल, याच्या तीन शक्यता अहवालाने मांडल्या : इमारतीतून नळ व तारा नेणाऱ्या उभ्या डक्टमधल्या हवेतून, माणसाच्या संपर्कातून, किंवा दूषित वस्तूवरून. त्यांतली डक्टची शक्यता लोकांच्या मनात बसली. त्या डक्टजवळच्या लहानशा खोलीत बसून पार्करबाई जुलैअखेरीस दूरध्वनीवरून छायाचित्रणाच्या सामानाची मागणी नोंदवत होत्या. हे चित्र डोळ्यांसमोर उभे राहणारे होते. १९७९ मध्ये विद्यापीठावर खटला झाला. डक्टमधून पुरेसे विषाणू वर पोहोचणे संभवत नाही, असा बचाव झाला आणि विद्यापीठ निर्दोष सुटले. आजही या घटनेवर लिहिणारे बहुतेकजण डक्टवरच वाद घालतात.

वैज्ञानिक कुतूहल म्हणून हा प्रश्न चांगला आहे. पण वाट सिद्ध झाली नाही म्हणून जबाबदारीही उरली नाही, हा निष्कर्ष चुकीचा आहे. घरात साप निघाला, तर तो कोणत्या बिळातून आला हे ठाऊक नसले तरी बिळे उघडी कोणी ठेवली, हे विचारता येते. डक्टचा वाद न सुटताही तीन गोष्टी निश्चित होत्या : जागा कसोटीस उतरत नव्हती, हे पाहणाऱ्यांना माहीत होते, आणि काम थांबवले गेले नाही.

का थांबवले गेले नाही? पाहणी करणारे बेफिकीर होते, असे आम्हाला वाटत नाही. ते नामवंत तज्ज्ञ होते. परंतु ते त्याच क्षेत्रातले, एकमेकांना ओळखणारे, एकमेकांच्या कामाचे महत्त्व जाणणारे लोक होते. तज्ज्ञ माणूस दुसऱ्या तज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत गेला, की तो सवयीने पाहतो की या माणसाला आपले काम समजते का. बेडसन यांना आपले काम उत्तम समजत होते, याविषयी कोणालाच शंका नव्हती. पण पार्करबाईंना त्याचा उपयोग नव्हता. प्रयोगशाळेत काम करणारे लोक वेळोवेळी लस घेत होते. पार्करबाईंनी शेवटची लस १९६६ साली घेतली होती, आणि देवीच्या लसीचा प्रभाव काही वर्षांत ओसरत जातो. ज्यांना धोका माहीत होता त्यांना संरक्षण होते. ज्यांचा कामाशी संबंध नव्हता त्यांना ते नव्हते. पहारा प्रयोगशाळेच्या दारापर्यंत येऊन थांबला होता. वरच्या मजल्यावर कोण बसते, हा प्रश्न विचारणे कोणाचेच काम नव्हते.

याला आणखी एक बाजू आहे. खटला चालू असल्यामुळे शूटर अहवालाचे अधिकृत प्रकाशन जुलै १९८० पर्यंत लांबले. तत्पूर्वी, १९७९ च्या सुरुवातीलाच, एका कर्मचारी संघटनेने तो फोडला. कायदेशीर कारण काही असो, ज्यांचे जीव धोक्यात होते त्यांना आपल्याविषयीचा अहवाल चोरवाटेने मिळावा, ही पहाऱ्याची पद्धत नव्हे.

दुसऱ्या एका शहराचा अनुभव

सामान्य माणसाला या तांत्रिक गोष्टी काय कळणार, हा आक्षेप येथे हमखास घेतला जातो. त्याला उत्तर म्हणून बर्मिंगहॅमच्या दोनच वर्षे आधी अमेरिकेत झालेला एक प्रयोग पाहण्यासारखा आहे.

१९७६ साली हार्वर्ड विद्यापीठाला केंब्रिज शहरात जनुक-जोडणीच्या संशोधनासाठी अधिक बंदिस्त प्रयोगशाळा बांधायची होती. विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांमध्येच दुफळी होती. त्या जुन्या इमारतीत मुंग्यांचा चिवट उपद्रव होता आणि मुंग्या काही दारावरची सूचना वाचत नाहीत, हे विरोधकांनी दाखवून दिले. महापौर आल्फ्रेड व्हेलुची यांनी प्रश्न नगरपरिषदेत आणला. त्या संशोधनाला तात्पुरती स्थगिती मिळाली आणि शहरातल्या रहिवाशांची एक समिती नेमली गेली. तीत एक डॉक्टर, एक स्थापत्य अभियंता, रुग्णालयात काम करणारी एक ख्रिस्ती जोगीण असे लोक होते. जनुक-जोडणीवर संशोधन करणारा एकही नव्हता. त्यांनी महिनोन्‌महिने दोन्ही बाजूंच्या शास्त्रज्ञांना प्रश्न विचारले आणि जानेवारी १९७७ मध्ये एकमताने अहवाल दिला.

त्यांनी संशोधनावर बंदी घातली नाही. अटींवर परवानगी दिली. त्यांतली एक अट आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे. संस्थेच्या सुरक्षा समितीत विविध विषयांचे लोक असावेत, प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांचा प्रतिनिधी असावा, आणि संस्थेशी संबंध नसलेला निदान एक नागरिक असावा. फेब्रुवारी १९७७ मध्ये शहराने तसा नियम केला. त्यामुळे केंब्रिजमधले संशोधन मेले का? उलट पुढच्या काळात ते शहर जैवतंत्रज्ञानाचे जगातले एक मोठे केंद्र झाले. नियम स्पष्ट आहेत आणि लोकांना ते ठाऊक आहेत, ही गोष्ट संशोधकांच्याही फायद्याची ठरली.

अर्थात समितीत बाहेरचा माणूस बसवला की सर्व काही सुरळीत होते, असे मानणे भाबडेपणाचे होईल. २००६ साली अमेरिकेतल्याच टेक्सास ए अँड एम विद्यापीठात जंतूंचे तुषार सोडण्याची पेटी साफ करताना एका महिला कर्मचाऱ्याला ब्रुसेला या जंतूची लागण झाली. अशी घटना सरकारला कळवणे कायद्याने बंधनकारक होते. विद्यापीठाने ती कळवली नाही. २००७ मध्ये एका स्वयंसेवी गटाने कागदपत्रे मागवली, तेव्हा ती उघडकीस आली. त्यानंतर तेथील घातक जंतूंचे काम थांबवण्यात आले आणि विद्यापीठाला दहा लाख डॉलर दंड भरावा लागला. समिती होती, नियम होते. कमी पडले ते खरे सांगण्याचे धैर्य. आणि ती उणीव भरून निघाली ती बाहेरून कोणीतरी विचारल्यामुळे.

आपले नियम

भारतात पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ साली घातक सूक्ष्मजीव आणि जनुकीय बदल केलेले जीव यांच्या वापराविषयी नियम करण्यात आले. विद्यापीठे आणि संशोधन संस्था त्यांच्या कक्षेत येतात. असे काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेने जैवसुरक्षा समिती नेमावी, तिच्यावर केंद्रातील समित्यांची देखरेख असावी, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असावी, आणि अपघात झाल्यास तो तत्काळ कळवावा, अशी त्यांची रचना आहे. कागदावर ही रचना चांगली आहे. जिल्हा पातळीचा विचार त्यात आहे, ही तर विशेष जमेची बाजू.

पण संस्थेच्या समितीत कोण असावे, हे या नियमांत पाहिले की बर्मिंगहॅमची आठवण होते. संस्थेचे प्रमुख, त्या विषयात काम करणारे शास्त्रज्ञ, एक वैद्यकीय तज्ज्ञ आणि जैवतंत्रज्ञान विभागाने नेमलेला प्रतिनिधी. ज्यांना काम व्हायला हवे आहे, त्यांचेच येथे संख्याबळ आहे. तंत्रज्ञ, काचसामान धुणारा, कचरा नेणारा, शेजारच्या विभागात बसणारा कारकून, यांच्यासाठी खुर्ची ठेवलेली नाही. अहवाल वरच्या समितीकडे जातात. खालच्या मजल्यावर किंवा शेजारी ते यावेत, अशी तरतूद नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत २०१२ पासून जैवसुरक्षेची सर्वोच्च, म्हणजे चौथ्या पातळीची प्रयोगशाळा आहे. मुळात या चार पातळ्या जंतू किती घातक आहे आणि त्यावर उपाय आहे का, यांवरून ठरतात. निरुपद्रवी जंतूंना पहिली, पटकीसारख्यांना दुसरी, क्षयासारख्यांना तिसरी, आणि इबोलासारख्यांना चौथी. चौथ्या पातळीवर सर्वांचे लक्ष असते. आम्हाला चिंता वाटते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीवर काम करणाऱ्या साध्या विद्यापीठीय विभागांची, जेथे इमारत जुनी, अनुदान तोकडे आणि प्रबंध पूर्ण करण्याची घाई असते. बर्मिंगहॅममध्येही विषाणूइतकीच घाई धोक्याची ठरली.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. संस्थेच्या समितीत तंत्रज्ञांचा एक आणि बाहेरचा एक प्रतिनिधी असावा. काम थांबवण्याचा अधिकार अशा माणसाकडे असावा, ज्याला त्या कामाच्या यशातून काही मिळणार नाही. आणि इमारतीत येणाऱ्या प्रत्येकाला, तो संशोधक असो वा नसो, येथे काय चालते आणि आजारी पडल्यास डॉक्टरांना काय सांगायचे, हे लेखी कळवलेले असावे. या शेवटच्या गोष्टीला एका कागदापलीकडे खर्च नाही. आणि निदानासाठी वाया जाणारे दिवस तिने वाचू शकतात.

शाळेच्या प्रयोगशाळेत

हे सारे विद्यापीठांचे झाले, शाळेचा त्याच्याशी काय संबंध, असे काही वाचकांना वाटेल. परंतु अनेक शाळांत आता हाताचा ठसा आगरच्या बशीवर उमटवून जंतू वाढवण्याचा प्रयोग केला जातो. प्रयोग सुंदर आहे आणि तो जरूर करावा. बशीचे झाकण चिकटपट्टीने बंद करावे आणि पुन्हा उघडू नये. ती शरीराच्या तापमानाला न ठेवता साध्या खोलीच्या तापमानाला ठेवावी, म्हणजे माणसात रोग निर्माण करणारे जंतू वाढण्याची शक्यता कमी होते. प्रयोग संपल्यावर बश्या न उघडता प्रेशर कुकरमध्ये पूर्ण दाबावर वीस मिनिटे ठेवून मगच टाकाव्यात. हे आपण मुलांना सांगतो.

पण त्या बश्या टेबलावरून उचलतो कोण? पुष्कळदा शाळेचे शिपाईमामा किंवा सफाई करणाऱ्या मावशी. त्यांना बशीत काय आहे, हे कोणी सांगितलेले असते का? पुढच्या वेळी हा प्रयोग कराल तेव्हा त्यांना वर्गात बोलवा, त्यांच्यासमोर मुलांना नियम समजावून सांगायला लावा, आणि त्यांना काही विचारायचे आहे का ते विचारा. जी मुले उद्या विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत काम करणार आहेत, त्यांना वरच्या मजल्यावर कोण बसते हे विचारण्याची सवय इथूनच लागली पाहिजे. आणि देवीचा धडा शिकवताना १९७७ नंतर एक वाक्य अधिक सांगा : पुढच्या वर्षी जॅनेट पार्कर नावाच्या छायाचित्रकार बाई देवीने गेल्या, आणि त्यांना ती एका विद्यापीठात झाली होती.